ऑक्सिजनच्या खोड्या : खंबाटकी ते विटा

पुण्याहून साताऱ्याकडे येताना खंबाटकी घाट चढून गाडी वेळे गावाच्या अंगाला उतरायला लागली, की पुढच्या मालट्रकच्या चाकांतून जळका वास येतो. आपण काच वर करतो, ‘ब्रेक तापलेत बिचाऱ्याचे’ म्हणतो आणि पुढे चहाला कुठे थांबायचं याकडे वळतो. त्या वासाबरोबर हवेत लोखंडाची आणि तांब्याची पूड मिसळलेली असते. ब्रेक झिजतो म्हणजे झिजलेला भाग कुठेतरी जातोच : रस्त्यावर, ओढ्यात, नाहीतर आपल्या नाकात. कॅलिफोर्नियाने 2010 साली कायदा करून ब्रेक पॅडमधलं तांबं टप्प्याटप्प्याने हद्दपार करायचं ठरवलं. माणसांच्या फुप्फुसांसाठी नव्हे हं, ओढ्यानाल्यांतल्या माशांसाठी!

आता या पुडीने बिघडतं काय? 1894 साली हेन्री फेंटन या इंग्रज रसायनशास्त्रज्ञाने दाखवून दिलं, की लोखंडाचे क्षार आणि हायड्रोजन पेरॉक्साइड एकत्र आले की असं काही जहाल तयार होतं, जे समोरच्या सेंद्रिय पदार्थाचा फडशा पाडतं. त्याने प्रयोग केला होता टार्टारिक आम्लावर, म्हणजे चिंचेच्या आणि द्राक्षाच्या आंबटपणावर. जहाल पदार्थ पुढे हायड्रॉक्सिल रॅडिकल ठरला. आपल्या पेशींत हायड्रोजन पेरॉक्साइड सदोदित थोडंफार असतंच. बाहेरून फक्त लोखंड-तांबं पोचायचा अवकाश.

या भानगडीला ‘ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस’ हे नाव रूढ केलं हेल्मुट झीस या जर्मन जीवरसायनशास्त्रज्ञाने, 1985 साली. धूर, धूळ, फवारा, तेजाब, सगळ्यांची कुळं वेगळी. पण पेशीत शिरल्यावर त्यांचा धंदा बराचसा एकच : ज्या ऑक्सिजनवर आपण जगतो, त्यालाच वाकड्या वाटेला लावायचं. आणि हा धंदा बघायचा तर सातारा-सांगलीसारखे जिल्हे नाहीत. इथे विषही पिकतं, उताराही पिकतो, आणि कधीकधी दोन्ही एकाच शिवारात.

गळती घरचीच

आधी घरचा हिशेब. पेशीतला मायटोकॉन्ड्रिया अन्नातून काढलेले इलेक्ट्रॉन एका प्रथिनाकडून दुसऱ्याकडे, दुसऱ्याकडून तिसऱ्याकडे असे पुढे सरकवत शेवटी ऑक्सिजनच्या हवाली करतो. आग विझवायला माणसांची रांग करून बादल्या हातोहात द्याव्यात, तसा हा प्रकार. थोडं सांडणारच. सांडलेला इलेक्ट्रॉन ऑक्सिजनने मधल्यामध्ये उचलला, की झाला सुपरऑक्साइड. त्याच्याकडे एक इलेक्ट्रॉन बिनजोडीचा उरतो, म्हणून तो दुसऱ्याकडून ओढायला बघतो. असा बिनजोडीचा रेणू म्हणजे फ्री रॅडिकल. असा रेणू टिकू शकतो हे मोझेस गोम्बर्गने 1900 साली मांडलं, तेव्हा भल्याभल्यांना पटलं नव्हतं.

शरीराला मात्र ते फार आधीपासून ठाऊक होतं. सुपरऑक्साइडचा बंदोबस्त करणारं विकर रक्तात असल्याचं 1969 साली मॅकॉर्ड आणि फ्रिडोविच यांनी दाखवलं. कॅटॅलेज नावाचं दुसरं विकर हायड्रोजन पेरॉक्साइडचं पाणी आणि ऑक्सिजन करून टाकतं. ते बघायला प्रयोगशाळा लागत नाही. औषधाच्या दुकानातलं पेरॉक्साइड कच्च्या बटाट्याच्या फोडीवर दोन थेंब टाका, फसफसून फेस येतो. तो कॅटॅलेजचा पराक्रम.

ब्रूस एम्स या अमेरिकन शास्त्रज्ञाचा गाजलेला अंदाज असा, की माणसाच्या एकेका पेशीतल्या डीएनएवर ऑक्सिडेशनचे रोज सुमारे 10,000 घाव बसतात. जवळजवळ सगळे दुरुस्तही होतात. दुरुस्तीत कापून टाकलेले तुकडे लघवीवाटे बाहेर पडतात आणि ते मोजता येतात. एखाद्या गावची हवा गावकऱ्यांच्या पेशींना किती बाधली, हे तपासायचं ठरवलं तर लघवीच्या बाटलीतून बरंच कळतं. कुणी हौसेने बाटली देणार नाही, हा भाग वेगळा.

बरं, रॅडिकल म्हणजे निव्वळ खलनायक, असंही नाही. जंतू दिसला की पांढऱ्या पेशी मुद्दाम सुपरऑक्साइडचा मारा करतात आणि पुढे त्यातून हायपोक्लोरस आम्ल बनवतात. 2019 च्या महापुरानंतर सांगलीत गल्लोगल्ली टीसीएल, म्हणजे जंतुनाशक ब्लीचिंग पावडर पडली. ती पाण्यात मिसळली की जंतू मारायला हेच आम्ल पुढे येतं. आपल्या रक्तातली नगरपालिका बारा महिने तेच काम करते.

सांगली यादीत, सातारा बाहेर

जानेवारी 2019 मध्ये केंद्राने राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रम आणला. हवेचा दर्जा न गाठणाऱ्या शहरांची जी यादी झाली, तिच्यात मुंबई-पुण्याच्या पंगतीला सांगली बसली. सातारा नाही. सातारकरांनी लगेच मिशीला पीळ द्यायचं कारण नाही. यादी मोजणीवरून होते, आणि मोजणी यंत्र असेल तिथेच होते.

मोजतात त्यांत येतात 2.5 मायक्रॉनपेक्षा बारीक कण. केसाच्या जाडीचा साधारण तिसावा भाग. वर्षाच्या सरासरीत दर घनमीटरला 5 मायक्रोग्रॅमच्या वर जाऊ नये, असं जागतिक आरोग्य संघटना 2021 पासून सांगते. आपली राष्ट्रीय मर्यादा आहे 40. मला खटकतं ते वेगळंच. हे सगळं वजनाचं गणित आहे. शेतातली माती आणि ब्रेकची पूड तराजूत सारखीच भरते, पेशीत नाही. म्हणून आता ‘ऑक्सिडेटिव्ह पोटेन्शियल’ मोजतात : कण एका ठरावीक रसायनात टाकायचे आणि ते रसायन किती झपाट्याने खर्ची पडतं ते बघायचं. कणाचं वजन नाही, कणाचा तिखटपणा!

काजळीचा मोसम

साखर कारखान्यांचे बॉयलर पेटले, की आसपासच्या गावांत गच्चीवर वाळत घातलेल्या कपड्यांवर काळ्या पापड्या उतरतात. झटकायला गेलं तर फराटा उठतो, म्हणून जाणत्या बायका कपडा आधी फुंकतात. ही बगॅसची, म्हणजे उसाच्या चिपाडाची राख दिसते म्हणून लोक ओरडतात. खरं तर डोळ्यांना दिसणारी पापडी नाकातच अडकते. फुप्फुसाच्या तळापर्यंत जातं ते न दिसणारं. कुठे ऊस पेटवून तोडतात, कुठे तोडणीनंतर पाचट पेटवतात, त्या धुरातही तेच.

धुरात क्विनोन नावाची संयुगं असतात. त्यांची चाल बेरकी. एक क्विनोन पेशीतला इलेक्ट्रॉन उचलतो, ऑक्सिजनला देतो, सुपरऑक्साइड तयार करतो आणि स्वतः पुन्हा मोकळा होऊन पुढच्या फेरीला लागतो. म्हणजे चिमूटभर धुरालाही भरपूर काम उरकता येतं.

हाच डाव माणसाने तणावर उलटवला आहे. 1962 पासून बाजारात असलेलं पॅराक्वॉट हे तणनाशक हिरव्या पानातले इलेक्ट्रॉन पळवून ऑक्सिजनच्या गळ्यात मारतं. म्हणून फवारणीनंतर कडक ऊन पडलं की तण काही तासांत करपतं आणि आभाळ असेल तर रेंगाळतं. माणसाच्या शरीरात गेलेलं पॅराक्वॉट फुप्फुसं स्वतःहून ओढून घेतात आणि तिथे ऑक्सिजनला तोटा नसतो. तोंडाला नुसता रुमाल गुंडाळून फवारणी करणाऱ्यांनी हे एकदा ऐकून ठेवावं.

सोनं तेवढं वाचतं

आता विट्याकडे. खानापूर-आटपाडीचा दुष्काळी पट्टा. इथली माणसं पिढ्यान्पिढ्या गलाईच्या धंद्यात, म्हणजे सोनं-चांदी आटवून शुद्ध करण्यात. काश्मीरपासून केरळपर्यंत सराफ बाजाराच्या मागच्या बोळात शिरा, मूस आणि भट्टी घेऊन बसलेला माणूस मराठी बोलण्याची शक्यता दांडगी. माण-खटावची मंडळीही त्यांच्यात आहेत. दिवाळीला किंवा गावच्या जत्रेला ही माणसं परत येतात तेव्हा विट्याच्या रस्त्यावर निम्म्या देशाच्या नंबरप्लेटा दिसतात.

धंद्याचं रसायन असं. दागिन्यातल्या सोन्यात चांदी-तांबं मिसळलेलं असतं. त्यात आणखी चांदी घालून आटवतात, मग तेजाबात म्हणजे नायट्रिक आम्लात उकळतात. चांदी-तांबं विरघळतं, सोनं तळाशी राहतं. ऑक्सिडेशनला दाद न देणारा धातू शोधायचा, तर त्याच्या शेजाऱ्यांना ऑक्सिडाइझ करून टाकायचं, इतका सरळ हिशेब. उकळताना भांड्यातून तपकिरी-लालसर वाफ उठते. ती बघायला छान दिसते, आणि तीच घातकी. नायट्रोजन डायॉक्साइड.

या वायूची गंमत म्हणजे त्याला पेशीत जाऊन रॅडिकल तयार करायची गरजच नाही. तो जन्मतःच रॅडिकल आहे, बिनजोडीचा इलेक्ट्रॉन घेऊन आलेला. श्वासातून गेला की फुप्फुसाच्या आतल्या ओल्या अस्तराशीच भांडण सुरू. तिथे क जीवनसत्त्व आणि ग्लुटाथायोन पहारा देत असतात, आधी ते संपतात आणि मग पेशींच्या पडद्यातली चरबी खवट व्हायला लागते. होय, खवटच. उन्हात राहिलेल्या शेंगदाणा तेलाला वास येतो ती प्रक्रिया आणि ही, रसायनाच्या भाषेत सख्ख्या बहिणी.

दुसरी गोष्ट जास्त काळजीची. भरपूर वाफ छातीत गेली तरी तेव्हा नुसता खोकला येतो. माणूस पाणी पितो, कामाला लागतो. फुप्फुसात पाणी भरायला काही तासांनंतर सुरुवात होऊ शकते. अमेरिकेत चाऱ्याच्या उंच कोठ्यांत उतरणाऱ्या शेतकऱ्यांना हाच वायू बाधायचा, आंबणाऱ्या चाऱ्यातून निघालेला. त्या दुखण्याला डॉक्टरांनी वेगळं नावही दिलं. बोळातल्या बिनखिडकीच्या खोलीत आयुष्य काढणाऱ्या गलाईवाल्याच्या खोकल्याला मात्र ‘तेजाब लागलं’ यापलीकडे नाव नाही.

आणि नायट्रोजन डायॉक्साइडमधला एक ऑक्सिजन काढून टाकला तर? उरतो नायट्रिक ऑक्साइड. तो आपल्या रक्तवाहिन्या स्वतःच बनवतात, सैल पडण्याचा निरोप देण्यासाठी. या शोधाला 1998 चं नोबेल मिळालं. एका अणूचा फरक, आणि औषधाचं तेजाब होतं.

चोरांसाठी फवारलं, बुरशी मेली

तासगावच्या द्राक्षबागेत पानं निळसर दिसली की ओळखावं, मोरचूद-चुना मारलाय. बोर्डो मिश्रण. फ्रान्समधल्या बोर्डो भागात रस्त्याकडेच्या वेलींवर शेतकरी हे शिंपडत ते बुरशीसाठी नव्हे, येताजाता द्राक्षं तोडणाऱ्या भुरट्या चोरांना किळस यावी म्हणून! कडेच्याच वेली केवडा या बुरशीच्या रोगापासून कशा वाचल्या, हे मिलार्डे या वनस्पतिशास्त्रज्ञाच्या नजरेत भरलं आणि 1885 मध्ये जगाला पहिलं नावाजलेलं बुरशीनाशक मिळालं.

बुरशी मरते कशाने? तांब्याच्या आयनांनी, आणि त्यातला एक मार्ग पुन्हा फेंटनच्याच घराण्यातला. अडचण एवढीच की तांबं कुजत नाही, उडून जात नाही. ‘तास-ए-गणेश’ ही द्राक्षाची जात ज्या मातीत निपजली तिच्यात आजोबांनी मारलेलं मोरचूदही थोडंफार आहेच.

बेदाण्याची गोष्ट आणखी तिरपागडी. शेडमध्ये जाळ्यांवर मणी वाळत टाकले की गंधकाची धुरी देतात. तो सल्फर डायॉक्साइड बेदाण्यात ऑक्सिडेशन थांबवतो. म्हणून माल काळा न पडता सोनेरी राहतो आणि सांगलीच्या सौद्यात भाव खातो. तोच वायू शेडमधल्या माणसाच्या श्वासनळीत गेला की उलट वागतो, दमेकऱ्याची तर नळीच आवळतो. मण्याला अँटिऑक्सिडंट, माणसाला प्रदूषक.

हरिपूरची पेवं

नाटककार देवलांच्या हरिपुरात, कृष्णा-वारणेच्या संगमाजवळ, जमिनीखाली हळदीची पेवं असायची. अरुंद तोंडाची, खाली फुगलेली, माणूस उभा बुडेल अशी खोल. हळद भरली की तोंड बंद. आतला ऑक्सिजन हळूहळू घटतो, कार्बन डायॉक्साइड साठतो, कीड मरते आणि माल टिकतो. पेव उघडलं की कुणी लगेच आत उडी मारत नसे. आधी हवा खेळू द्यायची, मग कंदील सोडायचा. कंदील तेवत राहिला तर माणूस उतरणार. अँटिऑक्सिडंट म्हणून जगभर मिरवणारा माल ऑक्सिजनपासून दडवून ठेवायची ही सोय 2005 च्या पुरात बरीचशी बुडाली.

सांगलीच्या हळदीला 2018 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. त्याआधी हळदीचं पेटंट हाणून पाडण्याची लढाई गाजली होती. जखम भरून काढण्यासाठी हळद वापरण्याचं अमेरिकेत दिलेलं पेटंट शास्त्रज्ञ रघुनाथ माशेलकर प्रमुख असताना सीएसआयआर या संशोधन परिषदेने 1997 मध्ये रद्द करून घेतलं. पुढे काय झालं? जगाला कुरकुमीनचं वेड लागलं. परीक्षानळीत कुरकुमीन रॅडिकलना खरंच धरतं. पोटातून रक्तात मात्र फारच थोडं जातं. 1998 मध्ये बंगळुरूच्या संशोधकांनी मिऱ्यातलं पायपरिन सोबत दिलं, तेव्हा माणसांत शोषण वीस पटींनी वाढलं. हळदीच्या दुधात मिरपूड टाकणाऱ्या आजीने हा निबंध वाचला नव्हता. आणि एक आहेच, वीस पट म्हटलं तरी जवळजवळ शून्याच्या वीस पट.

पिवळेपणाच्या हव्यासापोटी हळदीत लेड क्रोमेट मिसळणारे महाभाग आहेत. लेड म्हणजे शिसं. ते पेशीतल्या ग्लुटाथायोनला चिकटून बसतं, म्हणजे पहारेकऱ्यालाच जायबंदी करतं. बांगलादेशात 2019 मध्ये तपासलेल्या हळदीच्या नमुन्यांपैकी 47 टक्क्यांत ते सापडलं. सरकारने व्यापाऱ्यांवर छापे घातले, पेपरांत बोभाटा केला आणि 2021 मध्ये प्रमाण शून्यावर आलं. दोन वर्षांत! आपल्याकडे अशा गोष्टीला समिती नेमायलाच तेवढा वेळ लागतो.

मसाल्यातलं यंत्र

काळ्या मसाल्यातलं दगडफूल हे फूल नाही. बुरशी आणि शेवाळ यांचा एकत्र संसार आहे तो. त्याला मूळ नाही, पानावर असतो तसा मेणाचा थर नाही. हवेतून येईल ते मुकाट शोषायचं. म्हणून गंधकाचा धूर वाढला की नाजूक जाती सगळ्यांत आधी नाहीशा होतात. विल्यम नायलँडरने 1866 मध्येच पॅरिसच्या लक्झेंबर्ग बागेत दगडफुलं मोजून शहराची हवा ताडली होती. यंत्र नाही, वीज नाही.

महाबळेश्वरात झाडांच्या सालींवर दगडफुलांची दाटी दिसते. ती खुशाल मोजावी, बिल येत नाही. कासच्या जांभ्या दगडावर ती उन्हाळाभर खडखडीत वाळून पडलेली असतात. वळवाचं पाणी लागलं की तासाभरात जिवंत होतात आणि त्या पहिल्या ओलीतच त्यांच्या पेशींत रॅडिकलचा लोंढा उसळतो. तो पचवायची सगळी तयारी त्यांनी वाळतानाच करून ठेवलेली असते. त्यामुळेच दगडफुलांत अँटिऑक्सिडंट शोधणारे शास्त्रज्ञ आहेत.

महाबळेश्वरची हवा, पण कोणती?

पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेने 2012 मध्ये महाबळेश्वरात ढगांचा अभ्यास करणारी प्रयोगशाळा थाटली. तिथे ढग चालत दारात येतो, विमानाचं भाडं वाचतं. ढगाचा थेंब धरायला धूलिकण लागतो, म्हणून हवेतले कणही तिथे मोजतात.

पर्यटकाला न पटणारी गोष्ट पुढे आहे. वाहनांचा धूर आणि ऊन यांतून जमिनीलगत ओझोन तयार होतो, आणि ओझोन हा अव्वल ऑक्सिडायझर. पण शहराच्या चौकात गाड्यांतून ताजा निघणारा नायट्रिक ऑक्साइड त्याला खाऊन टाकतो. वाऱ्यावर वाहत डोंगरावर गेलेल्या ओझोनला खाणारं कुणी नसतं. त्यामुळे चौकापेक्षा डोंगरावर ओझोन जास्त, असं जगात ठिकठिकाणी आढळतं. ‘जरा शुद्ध हवा खाऊन येतो’ म्हणणाऱ्याने दुपारची वेळ टाळलेली बरी.

काचेचा गुण

कराडजवळच्या ओगलेवाडीचा प्रभाकर कंदील एकेकाळी घरोघरी होता. काच नसलेला रॉकेलचा साधा दिवा जाळला, तर सुमारे 7 ते 9 टक्के रॉकेलची थेट काजळी होते. काचेच्या कंदिलात ज्योत नीट जळते, काजळी कितीतरी कमी. ओगल्यांनी फुप्फुसांचा विचार करून काच बसवली नसेल, पण पुण्य लागलं.

त्याच जिल्ह्यात फलटणला, निंबकरांनी 1968 मध्ये काढलेल्या कृषी संशोधन संस्थेत, अनिल राजवंशी यांनी एकाच ज्योतीवर उजेड आणि स्वयंपाक दोन्ही देणारा ‘लॅनस्टोव्ह’ घडवला. अमेरिकेतून 1981 मध्ये फलटणला आलेल्या या इंजिनिअरला 2022 मध्ये पद्मश्री मिळाली. चुलीपाशी बसणाऱ्या बाईच्या वाट्याला येणारा धूर आणि सिगारेटचा धूर यांची जातकुळी फार वेगळी नाही. सिगारेटच्या एका झुरक्यात एकावर पंधरा शून्यं इतके रॅडिकल असतात, असा हिशेब आहे. मशेरीला धूर नाही म्हणून ती निर्धोक, हे मात्र कुणी सांगू नये.

गोळीचं काय?

मग अँटिऑक्सिडंटच्या गोळ्या खाव्यात का? आपल्या माण तालुक्यातल्या मोहीच्या ललिता बाबरने 2016 मध्ये रिओत स्टीपलचेसची अंतिम फेरी गाठली, तेव्हा तिच्या स्नायूंत रॅडिकल उसळलेच असणार. पळताना ते उसळतात, आणि त्या धक्क्यानेच शरीर आपली संरक्षक विकरं वाढवतं. जर्मनीत 2009 मध्ये व्यायाम करणाऱ्यांना क आणि ई जीवनसत्त्वाच्या भरपूर गोळ्या दिल्या, तर व्यायामाने मिळणारा काही फायदाच पुसला गेला.

त्याहून मोठा दणका फिनलंडचा. 29,133 धूम्रपान करणाऱ्या पुरुषांवर प्रयोग झाला. धुराने होणारी हानी बीटा-कॅरोटीन भरून काढेल, अशी अपेक्षा होती. 1994 मध्ये निकाल आला : बीटा-कॅरोटीनची गोळी खाणाऱ्यांत फुप्फुसाचा कर्करोग 18 टक्क्यांनी जास्त. बीटा-कॅरोटीन म्हणजे गाजराला केशरी करणारा पदार्थ. गाजरावर मात्र अजून कुणी खटला भरलेला नाही.